सेकंडहँड ग्रास कटर घेताय? आधी सायलेन्सरला हात लावून बघा

गेल्या वर्षी गणपती गेले आणि बागेत बघतो तर कमरेएवढं गवत. आमची देवगडच्या बाजूला कलमं आहेत, फार नाही, साठेक झाडं, अर्धी कातळावर. दिवाळीपर्यंत गवत काढलं नाही तर ते उभ्याउभ्या वाळतं आणि मग कुणीतरी विडी टाकली की वणवा, एका दुपारीत पंधरा वर्षांची झाडं करपतात, शेजारच्या वाडीत झालेलं बघितलंय. गडी मिळत नाहीत, मिळाले तर आज येतो म्हणतात आणि परवा येतात. म्हटलं स्वतःचंच मशीन घेऊ. नवीन घ्यायचं तर खिशाला जड, म्हणून मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागलो आणि तिथेच फसलो.

जाहिरात होती टू स्ट्रोक ग्रास कटरची, "घरगुती वापर, फक्त दोन सीझन", किंमत साडेनऊ हजार. माणूस चिपळूणच्या बाजूचा. फोनवर एकदम गोड बोलला, दादा दादा करत, वर "अजून दोन जण विचारतायत" म्हणून एक हजार आधी टाकायला लावले. मी टाकले. आमचे आबा म्हणाले पण, की बाबा, न बघता पैसे टाकू नकोस, पण मला गवत दिसत होतं डोळ्यासमोर.

तिथे पोचलो तेव्हा मशीन अंगणात पुसूनबिसून ठेवलेलं, नवीन पातं, नवीन नायलॉन दोरी, शाफ्टला ताजा रंग. त्याने रस्सी ओढली, दुसऱ्या झटक्यात चालू. निळा धूर भरपूर आला, म्हणाला पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त पडलंय. पाचेक मिनिटं चालवून दाखवलं, मी रेस देऊन बघितली, मस्त आवाज. अजून थोडं चालवूया म्हटलं तर "शेजारी म्हातारी आजारी आहे, आवाजाचा त्रास होतो" म्हणून बंद केलं. आता आठवतं की मी यायच्या आधीपासूनच सायलेन्सर गरम होता, चालू करायच्या आधी उचलून बघताना माझ्या पोटरीला चटका बसला होता, म्हणजे त्याने आधीच चालवून ठेवलेलं. गाढवाला तेव्हा कळायला हवं होतं ना. साडेआठ हजारांना सौदा झाला, रोख दिले, कागद काही नाही.

घरी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीन, चोक लावला, रस्सी ओढतोय ओढतोय, खांदा गेला पण मशीन ढिम्म. प्लग काढला तर ओला आणि काळाकुट्ट. पुसला, परत लावला, कसंबसं भुर्रर्र झालं आणि गडग्याजवळ पोचेपर्यंत बंद. गरम झाल्यावर तर अजिबातच नाही. त्याला फोन केला तर म्हणे, "दादा, आजकालचं पेट्रोलच तसं, इथेनॉलवालं, कार्ब्युरेटर साफ करून घ्या." आता ह्यात खोटं काहीच नाही, म्हणून तर मी गप्प बसलो. इथेनॉल ओल धरतं, पेट्रोल टाकीत महिनोन् महिने राहिलं तर कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. चोराने खऱ्याचाच आधार घेतला की आपण अजून खोल जातो.

मग पुढचे आठ दिवस मी पडवीत मेकॅनिक. नवीन प्लग टाकला. टाकीतला फिल्टर बदलला, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. एअर फिल्टरचा फोम धुवून वाळवला. कार्ब्युरेटरचा पडदे-गास्केटचा किट आणला, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजलेली ती घासली. ताजं पेट्रोल, मापून ऑइल. हे सगळं मिळून बावीसशे गेले, आणि मशीन जैसे थे. बायको म्हणाली, एवढ्यात कोयतीने निम्मी बाग झाली असती. बरोबरच होतं.

शेवटी गावातल्या जुन्या मेकॅनिककडे नेलं, बोटीची इंजिनं बघतो तो. त्याने काही खोललं नाही. नुसतं रस्सीच्या मुठीला धरून इंजिन वर उचललं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं असेल तर रस्सी अडत अडत, टप्प्याटप्प्याने सुटते. माझं मशीन विहिरीत पोहरा सोडल्यासारखं सरळ खाली आलं. मग त्याने सायलेन्सर काढला, दोन स्क्रूचं काम, आणि आत टॉर्च मारून मला बघायला लावलं: पिस्टनवर उभे ओरखडे, नखाने लागतील एवढे. त्याने विचारलं, पहिल्यांदा चालू केलं तेव्हा निळा धूर होता काय? होता म्हटलं. म्हणाला प्लगच्या भोकातून ऑइलचे चार थेंब सोडले असणार, त्याने पिस्टनच्या रिंगा तेवढ्यापुरत्या धरतात, कॉम्प्रेशन येतं, पाच-दहा मिनिटांत ऑइल जळालं की संपलं. म्हणजे ती आजारी म्हातारी का आडवी आली ते मला तेव्हा कळलं.

पण खरी गंमत पुढे. त्याने रस्सीचं कव्हर काढलं आणि फ्लायव्हीलच्या मागे बोट फिरवलं. पिवळसर मऊ माती, वाळून चिकटलेली, कॉइलच्या कोपऱ्यात, पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी. गवताचा कचरा वेगळा दिसतो, हा गाळ होता. "ह्या मशीन पाण्यात बुडलेला आसा," एवढंच बोलला. क्रँक हाताने फिरवला तर बेअरिंग खरखर वाजतंय. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं होतं, तेव्हा किती दुकानांतला, किती घरांतला माल गाळात गेला आठवतंय ना. आता हे मशीन त्याच पुरातलं का दुसऱ्या कुठल्या, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण गाळ आत होता आणि बाहेर ताजा रंग होता. टू स्ट्रोकचं क्रँक बेअरिंग पेट्रोलमधल्या ऑइलवरच जगतं, तिथे पाणी बसलं की गंज, आणि बारीक गाळ वर गेला की सिलिंडर-पिस्टन खरवडतो. ब्लॉक-पिस्टन, क्रँक, बेअरिंग, ऑइल सील, सगळं बदलायचं तर त्याने सांगितलेला आकडा मी दिलेल्या किमतीच्या वर जात होता. राहू दे म्हटलं.

विकणाऱ्याला गाळाचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आणि मग ब्लॉक. पोलिसात जाऊन काय सांगणार, मशीन माझ्यासमोर चालू झालं होतं आणि पैसे मीच मोजून दिले.

म्हणून कुणी घ्यायला जाणार असाल तर आधीच फोनवर सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर सगळ्यात आधी सायलेन्सरला हात लावा, गरम लागला तर चहा पिऊन गप्पा मारत तासभर थांबा, सोबत पान्यांचा सेट आणि टॉर्च घेऊन जा, सायलेन्सर आणि रस्सीचं कव्हर खोलू देत नसेल तर निघून या. चालू झाल्यावर निदान वीस मिनिटं गवतात चालवा, नुसतं अंगणात रेस देऊन नाही, मग बंद करून गरम असतानाच परत चालू होतंय का बघा. टोकन बिकन काही नाही.

ह्या ऑगस्टमध्ये परत तसलीच जाहिरात दिसली, "घरगुती वापर, दोन सीझन", मागे तेच अंगण, तोच निळा ताडपत्रीचा मांडव. भाच्याच्या फोनवरून फोन लावला. दादा दादा सुरू. म्हटलं येतो रविवारी, फक्त मशीन थंड ठेवा आणि रस्सीचं कव्हर मी खोलणार. जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ते विकलं गेलं दादा." जाहिरात अजून आहे.