ख्याल गायनाच्या साथीला पेटी (हार्मोनियम) की सारंगी?
दरबारी कानडा रागाचा गंधार, म्हणजे ‘ग’ स्वर घ्या. तो एका जागी उभा राहतच नाही, डोलत डोलत नेहमीच्या कोमल (उतरलेल्या) गंधाराच्याही खाली उतरतो. सारंगीवाला तारेच्या कडेला नखाचं मूळ टेकवून तो तस्साच डोलवतो. गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वाद्य नाही. पेटीच्या पट्टीवर मात्र कोमल गंधार एकच, ठोकळ. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, तर नाहीच. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

मग मैफली पेटीनेच का जिंकल्या? सोय, दुसरं काय! सारंगीच्या तीन मुख्य तारांखाली पस्तीसेक तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. राग बदलला की त्या पुन्हा जुळवत बसा. पेटीवाला भाता उघडला की तयार. शिवाय नाट्यसंगीताने आपल्याकडे पेटीची गोडी लावलीच होती. गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या पेटीवादकांनी तिच्यातून जे काढलं, त्यापुढे पट्टीची मर्यादा विसरायला होतं.

ठुमरी किंवा विलंबित (संथ लयीचा) ख्याल असेल तर माझं मत सारंगीला. द्रुत (जलद) तानांच्या धबडग्यात पेटी चालेल. नाट्यपदाला तर पेटीच हवी.