टाकीच्या आतलं दाखवणारी टोमोग्राफी, रबाळ्यातली ट्रायल: पाचपैकी साडेतीन

आमचं युनिट रबाळे एमआयडीसीत, पाण्यात पावडर ढवळून स्लरी बनवतो. एजिटेटर (ढवळणारं यंत्र) फिरतोय म्हणजे माल मिक्स झाला असं धरायचं, मॅनहोलमधून वरचं सॅम्पल काढून क्यूसीला (क्वालिटी तपासणाऱ्यांना) पाठवायचं आणि खाली काय चाललंय ते देवाला माहीत, हीच आपल्याकडची रीत. म्हणून ही इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स टोमोग्राफीची सिस्टीम भाड्याने आणली.

टाकीच्या आतल्या अंगाला गोल १६ इलेक्ट्रोड बसवतात, एका जोडीतून जरासा करंट सोडायचा नि बाकीच्या जोड्यांवर व्होल्टेज मोजायचं, मग पुढची जोडी, अशा एका फेरीत कामाची १०४ रीडिंग मिळतात आणि त्यावरून कॉम्प्युटर आतल्या कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे वीज कुठे किती सहज वाहते त्याचा, नकाशा काढतो: लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. रेडिएशन नाही, त्यामुळे गॅमा सोर्ससारखी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) कटकट नाही.

खरी मजा मिठाचं पाणी ओतल्यावर. स्क्रीनवर लाल पट्टा गरगर फिरत पसरला, सगळीकडे रंग एक झाला, फक्त इलेक्ट्रोडच्या खालच्या रिंगमध्ये एका बॅफलच्या (टाकीच्या भिंतीला लावलेल्या उभ्या पट्टीच्या) मागे निळा डाग हलेचना. ऑपरेटर दादा म्हणाले, साहेब टाकी धुताना ढीग तिथूनच निघतो, मी कधीचा सांगतोय. आरपीएम वाढवून काही झालं नाही, इम्पेलर (एजिटेटरचं पातं) खाली घेतला तेव्हा डाग गेला. एवढ्यावरच भाडं वसूल!

आता नावडलेलं. विकणारा माणूस सीटी स्कॅन सीटी स्कॅन करत होता, तसलं काही नाही हो. व्यासाच्या ५ ते १० टक्क्यांपेक्षा बारीक काही दिसत नाही, मधोमध तर अजूनच धूसर. गरम पाणी सोडलं की सगळी स्क्रीन लालेलाल, कारण दर डिग्रीला कंडक्टिव्हिटी साधारण २ टक्के चढते, मग रेफरन्स (तुलनेसाठीचं मूळ रीडिंग) परत घ्या. इलेक्ट्रोडवर थर बसला की रीडिंग भरकटतं, ते पुसायला टाकी रिकामी करा. आणि सॉफ्टवेअर शिकवायला आलेला पोरगा घाईघाईत गुंडाळून निघाला.

आमची टाकी प्लास्टिकची म्हणून भोकं पाडणं जमलं. ग्लास लाइन्ड (आतून काचेचा थर असलेल्या) रिअ‍ॅक्टरला ड्रिल लावायचा विचारही करू नका, नोझलमधून उतरणारा प्रोब मागा. स्टीलच्या टाकीत करंट भिंतीतूनच पळतो, त्यांचं सेटिंग वेगळं असतं, आधी विचारा. आणि माल तेलातला किंवा कोरडी पावडर असेल तर त्यातून करंटच जात नाही, हे चालणारच नाही, कपॅसिटन्सवालं घ्यावं लागेल.