टॅपिंग (ईएफटी) : काही महिने वापरून आणि पैसे भरून झाल्यावर

'टॅपिंगचा कोर्स करू का?' असं काहींनी मला विचारलं, म्हणून हे लिहिते आहे. टॅपिंग म्हणजे ईएफटी, इमोशनल फ्रीडम टेक्निक : त्रास मनात आणायचा, ठरलेलं वाक्य म्हणायचं आणि चेहऱ्यावरच्या, अंगावरच्या ठरावीक पॉइंटांवर बोटांनी टॅप करत जायचं. असा एक फेरा म्हणजे राऊंड. वर्गणी रद्द केल्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, तरी या महिन्यात खात्यातून ४,९९९ रुपये गेलेच. ज्या ऑनलाइन वर्गात मी टॅपिंग शिकले तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली, तर उत्तर आलं, "ताई, पैशांबद्दल हा जो राग आहे ना, त्यावरच एक राऊंड करून बघा." मी पैसे परत मागितले होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि यूपीआय अ‍ॅपात जाऊन ऑटो-पेचं मँडेट स्वतःच बंद केलं आहे. वर्गाच्या अ‍ॅपात 'कॅन्सल' दाबून भागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता अनुभवाबद्दल. राग इतका आहे की सगळंच थोतांड म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण ते खरं होणार नाही. मला याचा उपयोग झाला आहे. कशाचा झाला आणि कशाचा नाही, हे कळायला मात्र बरेच महिने गेले.

भुवईपासून टाळूपर्यंतचे पॉइंट, तळहाताच्या कडेवर टॅप करत म्हणायचं ते वाक्य, हे सगळं इथे सांगत नाही. यूट्यूबवर ढिगाने आहे. माझा त्रास सांगते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलातून रात्री-अपरात्री फोन यायचे. ते गेले, तरी रात्री दहानंतर फोन वाजला की छातीत धडधड, हात गार, आणि पुढचे दोन तास झोप नाही. फोन भलेही कुणा नातेवाइकाने चुकून लावलेला असो. ठाण्यातल्या आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉईड तपासला, सगळं ठीक निघालं. मग मैत्रिणीने या वर्गाची लिंक पाठवली.

पहिल्याच सेशनला फरक पडला. वीसेक मिनिटांनी खांदे खाली आले, श्वास मोकळा झाला. त्या रात्री मी गाढ झोपले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण पॅकेजचे पैसे भरले.

माझं मुख्य म्हणणं आहे ते 'आता किती?' या प्रश्नाबद्दल. टॅपिंग करणाऱ्या सगळ्यांना तो माहीत आहे. सुरुवातीला त्रासाला ० ते १० मधला आकडा द्यायचा, राऊंड करायचा, पुन्हा आकडा सांगायचा. ही मोजपट्टी टॅपिंगवाल्यांची नव्हे. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात भीतीवरच्या उपचारांसाठी अशी पट्टी वापरात आणली, टॅपिंगने ती पुढे उचलली. पट्टी चांगलीच आहे. प्रश्न ती कुणासमोर वाचायची याचा आहे.

आमच्या वर्गात झूमवर तीस-चाळीस जण असायचे. राऊंड संपला की वर्ग घेणाऱ्या ताई म्हणायच्या, "चॅटमध्ये आकडा टाका." भराभरा यायचे : ४, ३, ३, २, ०, आणि त्यामागून हात जोडलेले इमोजी. एकदा एका बाईंनी '८' लिहिलं. सुरुवातीचाही त्यांचा आकडा ८ च होता. ताईंनी सगळ्यांना थांबवलं, त्यांचा माईक चालू करायला लावला, विचारलं, "मनात कुठे विरोध आहे का?" पुन्हा राऊंड झाला. चाळीस माणसं आपापल्या चौकटीत गप्प बसून वाट बघत होती. दुसऱ्यांदा त्या बाईंनी '३' लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी पहिल्याच राऊंडला '३' लिहिलं.

आपल्याकडे भीड नावाची गोष्ट आहे. कुणी अर्धा तास आपल्यासाठी खर्च केला, गोड बोललं, तर त्यांच्या तोंडावर "काही फरक नाही" असं आपण म्हणू शकत नाही. पाहुण्यांकडे भाजी खारट झाली असली तरी 'छान झाली' म्हणतो, तसाच हा आकडा खाली येतो. वर पैसे भरलेले असतील तर आपल्यालाही तो खाली यायलाच हवा असतो. मग त्याच आकड्यांचे स्क्रीनशॉट पुढच्या बॅचच्या जाहिरातीत लागतात. मला हे फार खुपतं, आणि मी ते वर्गात बोललेही. उत्तर तेच : विरोध.

म्हणून मी वही केली. टॅपिंग एकटीने, दार लावून. आधीचा आकडा लिहायचा, पान उलटायचं, राऊंड करायचा, नंतरचा आकडा दुसऱ्या पानावर. आणि तिसरा आकडा, जो वर्गात कुणीच विचारत नाही : पुढच्या वेळी खरोखर रात्री फोन वाजला तेव्हाचा. यातून जे दिसलं ते वर्गातल्यापेक्षा पुष्कळ साधं होतं. ८ चा ५ व्हायचा, क्वचित ४. शून्य कधीच नाही. आणि फोन वाजला की पुन्हा ८. शांत होणं खरं होतं, पण ते त्या वेळेपुरतं. भीती जागच्या जागी.

इथवर माझं मत 'बरं आहे, पण महाग आहे' असं होतं. ते बदललं माझ्या भाचीमुळे. ती मानसशास्त्रात एम.ए. करते. तिने मला कॅनडातल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. वेट आणि होल्डर या संशोधकांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ११९ विद्यार्थी, चार गट. एकाने ईएफटीचे खरे पॉइंट वापरले, दुसऱ्याने हातावरच्या भलत्याच जागा, तिसऱ्याने चक्क बाहुलीवर टॅप केलं, चौथ्याने कागदाचं खेळणं केलं. पहिल्या तिन्ही गटांची भीती जवळजवळ सारखीच कमी झाली. खेळणं करणाऱ्यांची तशी झाली नाही. टॅपिंगवाले म्हणतात की पॉइंट हे मेरिडियनवर, म्हणजे शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्यांवर असतात. बाहुलीला कुठली आली मेरिडियन?

ताईंना हे विचारलं तर त्यांनी कॉर्टिसॉलवाला (कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन) अभ्यास पाठवला. तो मी पूर्ण वाचला. २०१२ चा, डॉसन चर्च आणि सहकाऱ्यांचा, ८३ जणांवर केलेला. टॅपिंगच्या गटात कॉर्टिसॉल सरासरी २४ टक्के उतरलं, बाकीच्या दोन गटांपेक्षा जास्त. पण ते दोन गट म्हणजे एकाशी गप्पा आणि एकाला नुसती विश्रांती. बाहुलीवर किंवा भलत्या जागी टॅप करणारा गट त्यात नाहीच. म्हणजे पॉइंटांमुळे काही होतं का, या माझ्या प्रश्नाला तो अभ्यास हात लावत नाही. शिवाय चर्च स्वतः ईएफटी शिकवतात.

मग मी घरी करून पाहिलं. तोच त्रास मनात आणायचा, तेच वाक्य म्हणायचं, आणि टॅप करायचं डायनिंग टेबलाच्या कडेवर. वहीत आकडे तसेच : ८ चा ५, ७ चा ४. त्या दिवसापासून पॉइंटांच्या तक्त्यासाठी पैसे मोजण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

भाचीने आणखी एक सुचवलं. रात्री ती मुद्दाम फोन करणार, मी उचलायचा, दोन वाक्यं बोलायची, ठेवायचा आणि जागच्या जागी बसून राहायचं, धडधड आपोआप ओसरेपर्यंत. पहिल्या रात्री, ती फोन करणार हे ठाऊक असूनही, मला घाम फुटला. काही आठवड्यांत मात्र वहीतला तिसरा आकडा, जो इतके दिवस जागचा हलत नव्हता, तो ८ वरून ६ आणि मग ३ वर आला. भीतीला थोडं थोडं सामोरं जायची ही पद्धत जुनी आहे, भरपूर तपासलेली आहे. टॅपिंगमध्येही राऊंडभर आपण त्रास मनात धरून ठेवतो, त्यामुळे थोडाफार तोच परिणाम होत असावा असं मला वाटतं.

तरीही मी टॅपिंग सोडलेलं नाही. फोन वाजला की दोन बोटं कॉलरबोनखाली जातात, आणि हाताला काहीतरी काम मिळाल्यामुळे मी उठून येरझाऱ्या घालत नाही. मला तेवढं पुरतं. याचं श्रेय मी मेरिडियनला देणार नाही.

'ही आपल्या ऋषींचीच विद्या' असंही वर्गात सांगतात, सोबत चक्रं आणि बीजमंत्र जोडतात. रॉजर कॅलहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास पाण्याची भीती असलेल्या एका बाईंना डोळ्याखाली टॅप करायला सांगितलं, तिथून हे सुरू झालं. पॉइंट चिनी अ‍ॅक्युपंक्चरमधून घेतलेले. कॅलहान प्रत्येक त्रासाला वेगळा क्रम सांगायचे, आणि त्यांच्या सर्वात वरच्या प्रशिक्षणाची फी एके काळी एक लाख डॉलर होती. त्यांचे विद्यार्थी गॅरी क्रेग, हे इंजिनिअर. त्यांनी १९९० च्या दशकात सगळ्या त्रासांना एकच क्रम लावला आणि ईएफटी असं नाव दिलं. कुठलाही क्रम चालतो हे तिथेच उघड झालं होतं. क्रेगनी आपलं मॅन्युअल फुकट वाटलं. जे मूळ माणसाने फुकट दिलं, त्याचे 'लेव्हल टू', 'लेव्हल थ्री' करून पैसे घेणं मला पटत नाही.

आणि वर्ग मी सोडला तो पैशांमुळे नव्हे. एका मुलीने विचारलं, "डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, टॅपिंग जमतंय, तर गोळ्या बंद करू का?" उत्तर मिळालं, "शरीराचं ऐका, शरीर सांगेल." या उत्तराला क्षमा नाही. अशा गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी, निद्रानाश होऊ शकतो, आजार उलटू शकतो. कमी करायच्या तर त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू. मी चॅटमध्ये हे लिहिलं, ते लगेच काढून टाकलं गेलं. मुलीला स्वतंत्र मेसेज करून डॉक्टरांना विचारायला सांगितलं. तिने विचारलं, गोळ्या चालू आहेत.

तेव्हा ज्यांनी 'कोर्स करू का' विचारलं आहे त्यांना : करू नका. परीक्षेआधीची धाकधूक, विमानाची भीती, मीटिंगआधीचा ताण, एवढ्यासाठी फुकटातला व्हिडिओ पुरे. आकडा स्वतःच्या वहीत लिहा, कुणाला सांगू नका. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा होत असेल तर टॅपिंग करत बसू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.