आयसीडी-११ चं मानसिक विकारांचं पुस्तक: मराठवाड्यातल्या ओपीडीत ते कसं वापरावं

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२४ मध्ये आयसीडी-११, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीमधल्या, मानसिक विकारांच्या प्रकरणाचं सविस्तर निदान-मार्गदर्शक प्रसिद्ध केलं. या क्षेत्रातली मंडळी त्याला सीडीडीआर म्हणतात. संघटनेच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम-५-टीआर (२०२२) हे निदानाचं पुस्तक मात्र विकत घ्यावं लागतं आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या समुपदेशकाच्या खिशाला ते झेपत नाही. आमचं मत आधीच सांगतो. अंबाजोगाई, नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या ओपीडीत बसणाऱ्या निवासी डॉक्टरांनी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मंडळींनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हे पुस्तक हाताशी ठेवावंच. पण नुसता कोड शोधण्यापुरतं ते उघडलं, तर त्याचा निम्माअधिक उपयोग वाया जातो.

आयसीडीच का, डीएसएम का नाही, याला कायद्याचंही कारण आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच, आणि त्यात आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख नावानिशी आहे. त्याच कलमात असंही म्हटलंय की घरच्यांच्या, समाजाच्या नीतिकल्पनांशी किंवा राजकीय मतांशी पटत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. जातीबाहेर लग्न करायचं म्हणणाऱ्या मुलीला तपासून घ्या म्हणून आणलं जातं, तेव्हा हे कलम वैद्यकीय अधिकाऱ्याला पाठ असावं.

पुस्तकाची मांडणी चांगली आहे. बहुतेक प्रत्येक विकाराखाली आधी अत्यावश्यक लक्षणं येतात. मग सामान्य अवस्थेशी असलेली सीमा, आजाराचा प्रवास, वयानुसार दिसणारं वेगळेपण, संस्कृतीशी संबंधित बाबी, स्त्री-पुरुषांतला फरक, आणि शेवटी इतर आजारांपासून हा वेगळा कसा ओळखायचा ते. घाईत असलेला वाचक पहिला भाग वाचून थांबतो. चुका तिथेच होतात.

डिप्रेशनचंच बघा. दहा लक्षणांपैकी किमान पाच हवीत, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ. त्या पाचात उदासी किंवा कशातच रस न उरणं, यांपैकी एक असायलाच हवं. उरलेल्या आठातली चार विचारांची आहेत: एकाग्रता न होणं, स्वतःला कमी लेखणं किंवा अवाजवी अपराधीपणा, पुढचं सगळं अंधारलेलं वाटणं, मरणाचे विचार. चार शरीराची: झोप, भूक, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थपणा, थकवा. आता ओपीडीतली बाई म्हणते, ‘जेवू वाटंना, झोप येईना, अंगात त्राणच नाही.’ तीन लक्षणं मिळाली, चौथं डॉक्टर जोडतो आणि गोळी सुरू होते. तिचं हिमोग्लोबिन सात आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. शरीराच्या चार लक्षणांवर डिप्रेशन उभं राहत नाही, हा या पुस्तकातला सगळ्यात कामाचा नियम. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि माळकरी-शाकाहारी रुग्ण असेल तर बी-१२, एवढ्या तपासण्या तरी आधी कराव्यात.

पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीच्या बाबतीतही असाच गोंधळ आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण २७ गुण. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट मुलाखत घ्या, एवढंच तो आकडा सांगतो. आकडा हेच निदान धरून कागद पुढे सरकवणं चूक आहे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला शून्य सोडून कुठलंही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच बैठकीत स्पष्ट विचारायचं: विचार येतात का, कशानं करायचं ठरवलंय, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय. विचारल्यानं विचार वाढत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रुग्णालाच नव्हे, सोबत आलेल्यालाही लिहून द्यावा.

कालावधीचा निकष कागदावर सोपा असतो. ‘किती दिवस झाले?’ या प्रश्नाला ‘लई दिवस’ हेच उत्तर येतं. सणांवर मोजा. पोळ्याला बैल सजवले तेव्हा बरा होता का? दसऱ्याला? लातूर-धाराशिवकडचा रुग्ण असेल तर येळवशीला (वेळा अमावस्येला) शेतात जेवायला गेला होता का, पंगतीत बसला का, की बांधावर एकटाच बसून राहिला? या एका प्रश्नातून सुरुवात कळते, रस गेलाय का ते कळतं आणि रोजच्या जगण्यावर किती परिणाम झालाय तेही कळतं. हा तिसरा भाग आयसीडी-११ मध्ये निकषाचाच भाग आहे आणि विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवताना त्याला वजन आहे.

शोकाबद्दलचा मजकूर पुस्तकातला सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. दीर्घकालीन शोकविकार हे निदान आयसीडी-१० मध्ये नव्हतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर माणसं वर्षानुवर्षं ज्यात अडकून राहिली, त्या अवस्थेला तेव्हाच्या वर्गीकरणात स्वतःची जागा नव्हती. आता किमान सहा महिन्यांची अट आहे, डीएसएममध्ये प्रौढांसाठी बारा महिन्यांची. पण नुसते सहा महिने पुरेसे नाहीत. त्या माणसाच्या समाजात आणि धर्मात जेवढं अपेक्षित असतं, त्याच्या स्पष्टपणे पलीकडे तो शोक गेलेला असावा लागतो. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत सण गोड होत नाहीत, घरात कार्य निघत नाही. म्हणून सातव्या महिन्यात रडणाऱ्या विधवेवर हा शिक्का मारणं चूक ठरेल. उलट दुःखातच आहे म्हणून डिप्रेशन नजरेआड करणंही तितकंच घातक. खुणा पुस्तकात दिल्या आहेत: महिना उलटला तरी क्षणभरही बरं न वाटणं, गेलेल्या माणसाशी संबंध नसलेला टोकाचा अपराधीपणा, भास-भ्रम, हालचाली मंदावणं, आत्महत्येचे विचार. नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या शेतकरी कुटुंबात या खुणा बाईला एकटीला बसवून विचाराव्यात. सासरच्या माणसांसमोर ती ‘बरंय’ एवढंच म्हणेल.

अंगात येण्याबद्दल पुस्तक काय म्हणतं, हे मराठवाड्यातल्या वाचकाला आधी बघावंसं वाटेल. नवरात्रात तुळजापूरला किंवा माहूरला आरती चालू असताना बाईच्या अंगात वारं येतं, आरती संपली की ती शांत होते, आजूबाजूचे पाया पडतात, तिलाही त्याचा त्रास नसतो. हा विकार नाही आणि पुस्तक ते स्वच्छ सांगतं. विकार म्हणायचा तर स्वतःची ओळख जाऊन दुसऱ्याच कुणाची तरी यावी, हे नकोसं आणि ताब्याबाहेरचं असावं, पुन्हा पुन्हा यावं किंवा एकदाच आलं तर बरेच दिवस टिकावं, धार्मिक रीतीचा भाग नसावं आणि त्यानं त्रास किंवा नुकसान व्हावं. मिरगी, डोक्याला मार, नशा, अतिथकवा, झोपेचे आजार आधी बाजूला काढायचे. आमची एक भर: स्वयंपाकघरात किंवा रात्री नवरा घरी आल्यावरच हे होत असेल, तर घरातल्या मारहाणीबद्दल विचारल्याशिवाय कागद बंद करू नये.

करणी, भानामती, ‘बाहेरचं’ यांवरचा विश्वासही असाच तपासायचा. गावातल्या चार माणसांचा जो समज आहे तो भ्रम ठरत नाही. सोबतच्या भावाला विचारा, ‘हा म्हणतो ते तुम्हाला पटतं का?’ ‘करणी असेल, पण शेजारी मोबाइलच्या टॉवरमधून याचे विचार काढून घेतोय, हे काही आम्हाला पटत नाही’, असं उत्तर आलं तर सीमा ओलांडली गेली आहे. सोबतच्या माणसाशिवाय पहिली मुलाखत पूर्ण झाली असं मानूच नये.

मनोविकृतीच्या (सायकोसिस, भास-भ्रमांचा आजार) निदानात घाई सगळ्यात महाग पडते. आयसीडी-११ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी लक्षणं किमान एक महिना हवीत, डीएसएममध्ये आजाराच्या खुणा एकूण सहा महिने. आपल्याकडे तापानंतर, बाळंतपणानंतर, मोठ्या धक्क्यानंतर दोन आठवड्यांच्या आत एकदम भडकलेला रुग्ण बराच येतो. आज रडतो, उद्या देव दिसतो, परवा भीती. अशा वेळी तीव्र व अल्पकालीन मनोविकृती, कोड ६ए२३, याचा विचार आधी करायचा. ती तीन महिन्यांच्या आत ओसरते, बहुतेकदा काही दिवस ते महिनाभरात. पहिल्याच भेटीत केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिलं की ते पोराच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. बाळंतीण असेल तर बाळंतपणाशी निगडित विकारांचा स्वतंत्र गट पाहावा, आणि भास-भ्रम असतील तर तिला व बाळाला एकटं ठेवू नये.

विषबाधेच्या वॉर्डातून येणारे बोलावणे वेगळेच. मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक घेतलेला रुग्ण, तिसरा दिवस, विषावर उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू. ‘पेशंट वेडा झालाय, सायकियाट्रीला दाखवा.’ तपासून बघा: तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, नाडी जलद, अंग गरम, पोट गप्प, हात चादरीवरचे नसलेले किडे वेचतोय. हे अॅट्रोपिन जास्त झाल्याचं सन्निपात, म्हणजे डिलिरियम, कोड ६डी७०. मात्रा कमी करणं हाच इलाज, आणि तो फिजिशियनशी बोलून. रोज पिणारा माणूस भरती झाल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असाच बरळतो. तिथे दारू तुटल्याचं सन्निपात समजून थायमिन द्यायचं, ते ग्लुकोजच्या आधी. लक्ष टिकतं का ते पाहायला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. शाळेत न गेलेल्यालाही ते जमतं आणि सन्निपातात तो मध्येच हरवतो. दिवसातून दोनदा, एकदा संध्याकाळी, तपासा. शुद्ध नीट आल्यावर विष का घेतलं याची मुलाखत वेगळी घ्यायची, ती टाळून डिस्चार्ज देऊ नये.

व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने दहा-बारा कप्पे काढून एकच निदान आणि त्याची तीव्रता ठेवली आहे. बदल योग्य आहे, पण मुलाखतीला वेळ लागतो आणि गर्दीच्या ओपीडीत तो मिळत नाही.

बायपोलरबाबत, म्हणजे कधी उदासी तर कधी तेजी (मॅनिया) येणाऱ्या आजाराबाबत, पुस्तकाची रचना स्थिर पत्ता असलेला रुग्ण गृहीत धरते. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मधले महिने कुठल्याच केसपेपरवर नसतात. डिप्रेशन म्हणून गोळी दिलेला माणूस तिकडे तेजीत गेला तर ते इकडे कळतच नाही. तेजीसाठी चढलेला किंवा चिडलेला मूड आणि वाढलेली ऊर्जा, दोन्ही हवं, एक आठवडा. म्हणून परतल्यावर टोळीतल्या माणसाला विचारा: न झोपता राबत होता का, मुकादमाकडून अवाजवी उचल घेतली का, भांडणं केली का. डिप्रेशनची गोळी सुरू करण्याआधीही हेच प्रश्न.

उणिवाही आहेत. मराठी आवृत्ती नाही. एमएसडब्ल्यू झालेल्या समुपदेशकाला इंग्रजी मजकूर जड जातो, कारण वाक्यं लांब आणि अटींनी भरलेली. अनेक ठिकाणी लक्षणांची नेमकी संख्या न देता ‘अनेक लक्षणं’ एवढंच म्हटलंय. अनुभवी डॉक्टरला त्यात मोकळीक मिळते, नवख्याचा मात्र गोंधळ उडतो. लातूरला नीट परीक्षेच्या तयारीला आलेल्या पोराचं लक्ष लागत नाही म्हणून एडीएचडीचं (लक्ष न टिकणं व अतिचंचलपणा यांचा विकार) निदान मागितलं जातं. तिथे बारा वर्षांच्या आधीपासून खुणा होत्या का, ही अट घट्ट धरावी. बाकी मोजणी तुमच्यावर सोडलेली आहे.

विश्वासार्हतेची चाचणी भारतासह १३ देशांत झाली. दोन डॉक्टरांचं एकमत (१ म्हणजे पूर्ण एकमत) सामाजिक भयविकारात ०.८८ पर्यंत गेलं, दीर्घकालीन सौम्य उदासीत ०.४५ वर अडलं. पण दोघांनी रुग्णाला एकत्र बसून पाहिलं होतं, हे विसरू नये. वेगळ्या दिवशी, वेगळ्या नातेवाइकासोबत आलेल्या रुग्णावर एवढं एकमत होईल असं धरू नये.

अनेक दवाखान्यांच्या संगणकात अजून आयसीडी-१० चे एफ-कोड आहेत. मध्यम डिप्रेशन तिथे एफ३२.१, इथे भास-भ्रम नसतील तर ६ए७०.१. विम्याच्या कागदावर पूर्ण निदान शब्दांत लिहून मग त्यांना हवा तो कोड टाकावा, म्हणजे दावा अडकत नाही. दिव्यांग प्रमाणपत्राला तर कोड पुरतच नाही. तिथे मानसिक आजारानं आलेलं अपंगत्व मोजणारी आयडियाज मोजपट्टी लागते: स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व समज आणि काम, प्रत्येकी शून्य ते चार, वर आजाराच्या कालावधीचे गुण. एकूण वीसपैकी सात झाले की ४० टक्क्यांची पायरी गाठली जाते.

सगळं छापू नका. डिप्रेशन, शोक, मनोविकृती, दारू, सन्निपात आणि अंगात येणं, या विकारांची पानं छापून ओपीडीच्या टेबलावर ठेवा. बाकीचं मोबाइलमध्ये पीडीएफमध्ये असू द्या, कारण ऑनलाइन ब्राउझर नेट गेलं की बंद पडतो. वाचताना प्रत्येक विकाराची शेवटची दोन पानं, वेगळेपण सांगणारी, आधी वाचा.