लॅमिंग्टन रोडवरचा ३८ पिनांचा ईएसपी३२ बोर्ड: चिप झोपते, बोर्ड जागाच

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुठेही मिळतो तो बिनब्रँडचा ईएसपी३२ (वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप) बोर्ड, ५ पैकी ३ स्टार देतेय. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली पंपापाशी कळावं म्हणून घेतला. गच्चीवर प्लग पॉइंट नाही, आणि पावसाळ्यात तिथवर वायर ओढायला सेक्रेटरीकाका नाही म्हणाले (बरोबरच आहे त्यांचं), म्हणजे सगळं १८६५० च्या (रिचार्जेबल लिथियम) एका सेलवर चालवायचं.

विकणारे सांगतात अल्ट्रा लो पॉवर, डीप स्लीपमध्ये (म्हणजे चिपचा बहुतेक भाग बंद असताना) १० मायक्रोअँप. आकडा खोटा नाहीये, चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफच्या डेटाशीटमध्येच आहे, पण तो नुसत्या चिपचा. डीप स्लीपमध्ये टाकून बॅटरीच्या वायरमध्ये मल्टीमीटर लावला तर साडेनऊ मिलीअँप, जवळजवळ हजारपट! लाल एलईडी जळतो तो दिसतोच, पण खरा खादाड म्हणजे व्होल्टेज कमी करून चिपला ३.३ देणारा रेग्युलेटर, वर एएमएस१११७ छापलेला काळा तुकडा, तो काही काम नसतानाही स्वतःसाठीच पाचेक मिलीअँप घेतो. शिवाय त्याला इनपुटला साधारण एक व्होल्ट जास्त लागतो, त्यामुळे सेल ३.७ वर आला की चिपला ३.३ मिळतच नाहीत, मग वायफाय चालू होताना ब्राउनआउट (व्होल्टेज फार खाली जाणं), रिसेट, परत चालू, परत रिसेट, आणि या फेऱ्यांतच उरलेली बॅटरी जाते.

मोजणार असाल तर एक सांगते, मीटर सुरुवातीपासून मायक्रोअँपच्या रेंजवर ठेवू नका, त्या रेंजवर मीटरमध्येच इतका व्होल्टेज पडतो की बोर्ड बूटच होत नाही. आधी मोठी रेंज, बोर्ड झोपला की मग खाली या.

आता हिशोब बघा. साडेनऊ मिलीअँप म्हणजे दिवसाला २२८ एमएएच (मिलीअँप-तास), २५०० चा सेल दहा-अकरा दिवसांत खलास, आणि ते सुद्धा नुसतं झोपून! एलईडी आणि रेग्युलेटर दोन्ही काढून टाकले आणि ३.२ व्होल्टचा लिथियम फॉस्फेट सेल थेट ३.३ च्या पिनवर दिला तेव्हा झोपेतला करंट ०.१ मिलीअँपच्या खाली आला. सोल्डरिंगचा हात नसेल तर या भानगडीत पडू नका, थोडे जास्त पैसे टाकून बॅटरीसाठीच बनवलेला बोर्ड घ्या, डीएफरोबोटचा फायरबीटल वगैरे.

पण झोप सुधारली म्हणून काम संपत नाही, खर्च मग जागेपणी होतो. दर १५ मिनिटांनी उठून चार सेकंद वायफाय, सरासरी १२० मिलीअँप धरले तर दिवसाला १२.८ एमएएच, चिपच्या झोपेचा खर्च त्यापुढे पाव एमएएचसुद्धा नाही. म्हणून राउटरचा चॅनल आणि बीएसएसआयडी (राउटरचा वायफाय पत्ता) चिपच्या आरटीसी मेमरीत ठेवा (डीप स्लीपमध्ये बाकीची रॅम पुसली जाते, ती टिकते) आणि आयपी फिक्स करा, राउटर शोधायचा स्कॅन आणि डीएचसीपी (राउटरकडून आयपी मागून घेणं) दोन्ही वाचतात, चार सेकंदांचं काम एकावर येतं. पाण्याची पातळी बदललीच नसेल तर वायफाय चालूच करू नका, रात्री सगळी बिल्डिंग झोपलेली असताना टाकीत काय बदलणार! आणि पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची पॉवर मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा, नाहीतर चिप झोपेल आणि सेन्सर पीत बसेल.

दुकानदारांनी निदान बोर्डाचा झोपेतला करंट किती ते लिहावं, चिपचा आकडा बोर्डावर चिकटवून विकणं मला अजिबात पटत नाही, कॉलेजची पोरं त्यावर विश्वास ठेवून प्रोजेक्ट करतात. बाकी प्लगवर चालवायला बोर्ड मस्त आहे. खाली पंपापाशी डिस्प्लेला हाच लावलाय, यूएसबी चार्जरवर, काही तक्रार नाही.