कॉम्प्रेसरची वार्षिक देखभाल: एका वर्षाचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतील आमच्या दोन पाळ्यांच्या छोट्या कारखान्यात यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणारा 22 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर असून, गेल्या वर्षापासून त्याची देखभाल जवळच्याच एका सेवासंस्थेकडे आहे. त्यापूर्वी बिघाड झाला की मेकॅनिक बोलवायचा, एवढीच आमची पद्धत होती. एप्रिलच्या उन्हात ग्राइंडिंगच्या धुळीने कॉम्प्रेसरचे तेल थंड करणारा कूलर बुजला, तेलाचे तापमान वाढून यंत्र दिवसातून तीनदा ट्रिप होऊ लागले आणि सगळी सीएनसी यंत्रे हवेवाचून थांबली, तेव्हा आम्ही वार्षिक करार केला.

या सेवेतील सर्वांत उपयुक्त काम करारात नव्हतेच. त्यांच्या तंत्रज्ञाने बुधवारी दुसरी पाळी सुटल्यावर हवा वापरणारे प्रत्येक यंत्र बंद करून केवळ कॉम्प्रेसर चालू ठेवला आणि घड्याळ लावले. तो 90 सेकंद लोडवर (हवा भरत) आणि 270 सेकंद अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) चालत होता. म्हणजे त्याच्या क्षमतेच्या 25 टक्के हवा नुसतीच गळत होती. साबणाच्या पाण्याने एकेक सांधा तपासून जुने होज आणि कपलिंग बदलल्यावर हे प्रमाण 10 टक्क्यांवर आले. गळती घटल्याने दाब 8 बारवरून 7 बारवर आणता आला. एक बार कमी केल्याने साधारण 6 ते 7 टक्के वीज वाचते, हे लक्षात घेता कराराची रक्कम मला जड वाटली नाही.

तक्रार आहे ती कराराच्या मसुद्याबद्दल. त्यात तेल वर्षातून एकदा बदलण्याची तरतूद होती. आमच्या यंत्राची पुस्तिका मात्र 4000 तासांची मर्यादा सांगते, आणि दोन पाळ्यांत वर्षाला सुमारे 5000 तास भरतात. एकाच पाळीत चालणाऱ्या कारखान्याला कॅलेंडर पुरेल, आम्हाला अवर मीटरच पाहावा लागतो. ही विसंगती मी दाखवून दिल्यावर त्यांनी खळखळ न करता तासांचा हिशेब लेखी मान्य केला, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे. सुटे भाग मात्र करारात धरलेले नाहीत, आणि ऑइल सेपरेटरची (हवेतून तेल वेगळे करणाऱ्या भागाची) किंमत आम्हाला थेट बिलातच कळली.

यंदा नूतनीकरण केले आहे, परंतु फिल्टर, सेपरेटर आणि तेल यांचे दर आधीच करारास जोडून घेतले आहेत.