स्टॉर्मलाइट की मिस्टबॉर्न: ऐकायला कुठून सुरुवात करावी?

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाचं नाव माहीत आहे, त्यांच्या स्टॉर्मलाइट आणि मिस्टबॉर्न या दोन फँटसी (अद्भुतरम्य) मालिकांबद्दल मित्रांकडून भरपूर ऐकलंय, आणि पहिलं ऑडिओबुक कोणतं घ्यायचं एवढंच ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही मालिका मुख्यतः लोकलच्या प्रवासात ऐकल्या. माझं मत ऐकणाऱ्याचं आहे. पुस्तक हातात धरून वाचणाऱ्याचा कौल वेगळा पडू शकतो.

गोष्ट म्हणून दोन्ही उत्तम आहेत, त्यावर वाद नको. प्रश्न आहे तो पुढच्या पुस्तकांचा. दोन्ही मालिका अजून अपुऱ्या आहेत, आणि अपुऱ्या मालिकेत शिरताना लेखकाचं काम कुठवर आलंय हे पाहायलाच हवं. या बाबतीत सँडरसन यांच्याइतका मोकळा लेखक मला दुसरा माहीत नाही. हाती असलेलं लेखन किती टक्के झालंय ते वेबसाइटवर दिसतं, आणि दर डिसेंबरला, स्वतःच्या वाढदिवसाच्या सुमारास, ते सगळ्या मालिकांचा सविस्तर वार्षिक आढावा लिहितात. आपल्याकडे दिवाळी अंकाची वाट पाहतात तशी त्यांचे वाचक या आढाव्याची पाहतात.

२०२४ च्या आढाव्यात त्यांनी सांगितलेला बेत असा. स्टॉर्मलाइट दहा भागांची मालिका. पाचवा भाग, ‘विंड अँड ट्रुथ’, डिसेंबर २०२४ मध्ये आला आणि तिथे पहिलं पर्व संपलं. सहावा भाग साधारण २०३१ मध्ये. त्याआधी मिस्टबॉर्नच्या तिसऱ्या पर्वाच्या, म्हणजे त्याच जगातल्या पण नंतरच्या काळातल्या कथेच्या, तीन कादंबऱ्या, २०२८ पासून. शिवाय ‘एलांट्रिस’ या त्यांच्या २००५ च्या पहिल्या कादंबरीचे पुढचे भागही मध्ये आहेत. वर्षं थोडी पुढेमागे होऊ शकतात, पण आधी मिस्टबॉर्न आणि मग स्टॉर्मलाइट हा क्रम त्यांनी स्पष्ट सांगितलाय.

आवाजाच्या बाबतीत मात्र स्टॉर्मलाइट सरस आहे, हे मान्य करतो. तिथे मायकेल क्रेमर आणि त्यांच्या पत्नी केट दोघं मिळून वाचतात, त्यामुळे प्रकरण कुणाच्या नजरेतून चाललंय हे आवाज बदलला की बऱ्याचदा लगेच कळतं. मिस्टबॉर्न एकटे क्रेमर वाचतात. नायिका विन ही सोळा वर्षांची मुलगी आणि आवाज भारदस्त पुरुषाचा, हे कानाला रुळायला मला वेळ लागला. एकदा रुळल्यावर पुढे कधी खटकलं नाही. दोन्ही मालिकांची ग्राफिकऑडिओ या कंपनीने केलेली नाट्यरूपंही आहेत: अनेक कलाकार, पार्श्वसंगीत, अगदी नभोनाट्याचा थाट. ती छान आहेत, पण पहिल्या ऐकण्याला साधं वाचनच बरं, असं मला वाटतं.

तरी माझा निर्णय मिस्टबॉर्नच्या बाजूने झाला तो स्टॉर्मलाइट ऐकतानाच्या एका त्रासामुळे. स्टॉर्मलाइटच्या प्रत्येक पुस्तकात मुख्य भागांच्या मधे छोटी मध्यंतरं येतात. कुठल्या तरी लांबच्या बेटावरचं, कुठल्या तरी बाजारातलं एखादं पात्र एका प्रकरणापुरतं भेटतं आणि नाहीसं होतं. त्यातली काही पुढच्या पुस्तकांत महत्त्वाची होऊन परततात. छापील प्रत असेल तर पानं उलटून माणूस सापडतो. कानात नाव ऐकलेलं, तेही गर्दीत. स्पेलिंग माहीत नाही, मग शोधायचं काय? पंचेचाळीस तासांच्या ध्वनिफितीत मागे कुठे जायचं? त्यात ही पुस्तकं २०१०, २०१४, २०१७, २०२० आणि २०२४ अशी आली. दर वेळी नवा भाग लागला की पहिले काही तास “हा कोण होता बरं?” यातच जायचे, आणि मजा निसटायची. पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं तर पाचही मिळून अडीचशे तासांच्या पुढे जातात. शालन या पात्राची रेखाटनं आणि नकाशे छापील प्रतीत किती सुंदर आहेत! कानाने ऐकणाऱ्याला ते सुख नाहीच.

मिस्टबॉर्नमध्ये हा त्रास मला जवळपास झाला नाही. पहिलं पुस्तक पंचवीसेक तासांचं, पात्रं मोजकी, सगळं एका शहराभोवती फिरणारं. पहिली त्रयी २००६ ते २००८ मध्ये एकापाठोपाठ आली, कारण पहिला भाग छापून येण्याआधीच तिन्ही लिहून झाले होते. त्यामुळे पहिल्या भागात सहज म्हणून टाकलेलं वाक्य तिसऱ्यात जिथे उलगडतं, तिथे ते अजून लक्षात असतं. दुसऱ्या पर्वात मात्र ही शिस्त मोडली: तिसरा भाग २०१६ चा आणि चौथा थेट २०२२ चा. तेव्हा वाट पाहणाऱ्यांची तक्रार रास्तच होती. तिसऱ्या पर्वासाठी सँडरसन यांनी पुन्हा जुनी पद्धत धरायचं ठरवलंय: तिन्ही कादंबऱ्या आधी पूर्ण, मग पहिली प्रकाशित. माझ्यासारख्या ऐकणाऱ्याला याहून चांगली बातमी नाही.

अजिबात वाटच पाहायची नसेल, किंवा घरातल्या मुलांबरोबर ऐकायचं असेल, तर सँडरसन यांचीच ‘स्कायवर्ड’ ही मालिका घ्या. चार कादंबऱ्या, २०२३ मध्ये मुख्य कथा पूर्ण, आणि सुझी जॅक्सन यांचं वाचन फार जिवंत.

छापील पुस्तक वाचणार असाल, रोज निवांत तास मिळत असेल, तर स्टॉर्मलाइटपासून मी कुणाला परावृत्त करणार नाही. पहिलं पर्व पूर्ण झाल्यामुळे आता पाचही भाग सलग वाचता येतात, आम्हाला ते भाग्य नव्हतं. पण इअरफोन लावून, प्रवासात, तुकड्यातुकड्यांत ऐकणार असाल तर मी मिस्टबॉर्नच सुचवेन. पहिली त्रयी, मग दुसऱ्या पर्वाचे तीन भाग, त्यानंतर ‘सीक्रेट हिस्टरी’ ही छोटी कादंबरी, आणि शेवटी चौथा भाग. ‘सीक्रेट हिस्टरी’ आधी ऐकू नका, तिच्यात पहिल्या त्रयीचीही मोठी रहस्यं फुटतात. हे सगळं रमतगमत ऐकलं तरी २०२८ च्या आत सहज संपेल.